फाटे छाटताना

गेल्या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूर तालुक्यातील एका मातेचे पत्र आमच्या हाती आले. त्या लिहितात, "मास्तर, माझा धाकटा दोन दिवस नीट जेवलेला नाही. रात्री दिवा जळतच असतो. खोदून विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, 'आई, माझ्या हातून एकीची ब्रँच डिलीट झाली.' मला काही उमगले नाही. आमच्या भागात दोन बँका एक झाल्यावर जवळची ब्रँच बंद झाली आणि आता पेन्शनसाठी मला तालुक्याला हेलपाटा घालावा लागतो. तसलेच काही याच्या हातून घडले की काय? कोणाचा तळतळाट लागणार नाही ना? आपण शिकलेले आहात, म्हणून विचारते."

पत्र वाचून प्रथम आम्हांस हसू आले, हे कबूल करतो. पण दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ते हसू ओसरले. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून आज अशी मुले आहेत. कोणी पुण्यास, कोणी बंगळुरास, तर कोणी २०२० च्या टाळेबंदीत घरी आली ती घरूनच कंपनीचे काम करू लागली. मुलगा पलीकडच्या खोलीत बसलेला असतो, दारातून त्याचे बोलणे कानी पडते, तथापि तो कशाने सुखावला व कशाने दुखावला हे घरच्यांस कळत नाही. शेतावरचे दुःख आईला सांगता येते. यंत्रावरचे दुःख सांगायला तिच्याजवळ शब्दच नाहीत. म्हणून आम्ही त्या मुलास निरोप धाडला. नाताळाच्या आदल्या रविवारी मिस्सा संपल्यावर तो आपला लॅपटॉप घेऊन आमच्या पडवीत येऊन बसला, आणि दुपार टळेपर्यंत त्याने आम्हांस सर्व काही समजावून दिले. त्याच्या संमतीने ते आज येथे मांडीत आहो. त्यात आमच्या समजुतीची चूक असेल तर ती आमची समजावी.

संगणकाकडून करून घ्यावयाचे काम शब्दांत लिहावे लागते. या लिखाणास कोड म्हणतात. एखाद्या मोठ्या कामाचा कोड लक्षावधी ओळींचा असतो आणि तो एकाच वेळी अनेक माणसे लिहीत असतात. एकाने दुरुस्त केलेले दुसऱ्याने नकळत पुसले तर काय करावे? काल चालणारे यंत्र आज बंद पडले, तर कालचे लिखाण कोठून आणावे? यासाठी प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था निघाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली अशी एक व्यवस्था रचली. पुढे १९८० नंतरच्या दशकात वॉल्टर टिची यांची व डिक ग्रुन यांची, अशा आणखी दोन व्यवस्था पुढे आल्या. आज बहुतेक ठिकाणी वापरात आहे ती 'गिट' नावाची. लिनक्स या संगणकप्रणालीचे जनक, फिनलंडमध्ये जन्मलेले लिनस तोरवाल्ड्स, यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली. लिनक्सचे कामकरी तोवर दुसऱ्या एका कंपनीची व्यवस्था वापरीत होते; तिचा फुकट परवाना काढून घेतला गेला, तेव्हा तोरवाल्ड्स यांनी स्वतःच लेखणी उचलली आणि काही दिवसांतच गिट उभे राहिले. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्या स्वाधीन केले. 'गिट' हा इंग्रजांच्या बोलीत नकोशा माणसास उद्देशून वापरावयाचा शब्द आहे, हे मुलाने हसत सांगितले. त्या दुपारी तो प्रथमच हसला, म्हणून हे येथे लिहिले.

आता ब्रँच म्हणजे काय? आम्हांस वाटले होते की मूळ लिखाणाची एक संपूर्ण नक्कल काढून वेगळी ठेवीत असतील. मुलाने मान हलविली. समोर आमच्या पत्नीची रोजरीची माळ लोंबत होती. ती त्याने हाती घेतली.

"मास्तर, प्रत्येक नोंद हा एक मणी समजा. त्याला आम्ही कमिट म्हणतो. प्रत्येक मण्याला आपल्या मागचा मणी कोणता ते ठाऊक असते. पुढचा ठाऊक नसतो. म्हणून शेवटचा मणी हातात असला की ओढत ओढत पहिल्यापर्यंत जाता येते. ब्रँच म्हणजे त्या शेवटच्या मण्याला बांधलेली नावाची चिठ्ठी. नवा मणी ओवला की चिठ्ठी त्याच्यावर सरकते. इतकेच."

तर ही ब्रँच म्हणजे झाडाची फांदी नव्हे. ती एक चिठ्ठी आहे. प्रत्येक मण्यास गिट सामान्यतः ४० अक्षर-अंकांचा एक क्रमांक देते, आणि चिठ्ठीत तो क्रमांक तेवढा लिहिलेला असतो. एका ओळीचा मजकूर! एकाच मण्यापासून दोघांनी दोन वेगवेगळे सर ओवावयास घेतले, तर दोन शेवटचे मणी होतात व त्यांना दोन चिठ्ठ्या लागतात. मूळ सराला बहुधा 'मेन' अथवा 'मास्टर' असे नाव असते. एखाद्याचे काम पूर्ण झाले, दुसऱ्यांनी ते तपासले, की तो सर मूळ सरात जोडून घेतात. यास मर्ज म्हणतात. जोडून झाल्यावर त्या सराच्या टोकाची चिठ्ठी निरुपयोगी होते, कारण मूळ सराची चिठ्ठी धरून ओढले तरी ते मणी हाती येतातच. तेव्हा ती चिठ्ठी काढून टाकावी, असा रिवाज आहे. काढल्याने काम जात नाही; केवळ नाव जाते.

येथे आम्ही विचारले, "मग आईला जेवणाखाण्याची काळजी कशाला?"

तो म्हणाला, "जोडलेले नसेल तर जाते, मास्तर."

पण त्याआधी चिठ्ठ्या काढण्याची गरज मुळात का पडते, ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी कित्येकांना वाटेल की राहीनात बिचाऱ्या, कोणाचे काय खातात? जुन्या व्यवस्थांत नवी शाखा काढणे हे जिकिरीचे काम असे. एका व्यवस्थेत तर प्रत्येक फाईलवर वेगळी खूण करावी लागे आणि मोठ्या कामात त्यास पुष्कळ वेळ जाई. साहजिकच माणसे विचार करून शाखा काढीत. गिटमध्ये मात्र ते निमिषाचे काम झाले. जे स्वस्त होते ते सांडते. सकाळी एक कल्पना सुचली की एक ब्रँच, संध्याकाळी दुसरी सुचली की दुसरी. दोन वर्षांत एकेका कामावर शेकड्यांनी नावे साचतात. 'लॉगिन-दुरुस्ती', 'लॉगिन-दुरुस्ती-नवी', 'लॉगिन-दुरुस्ती-शेवटची', आणि तिच्याही पुढे 'शेवटची-दोन'. आम्हांस हे ऐकून आमच्याच गायनवृंदाचे कपाट आठवले. त्यात नाताळगीतांच्या टाइप केलेल्या प्रती आहेत व त्यांतील तिघींवर 'अंतिम' असे लिहिलेले आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेत अर्धा वृंद एका अंतिम प्रतीवरून गातो व उरलेला दुसरीवरून.

कंपनीत याने काय होते? नवीन आलेला माणूस चुकीच्या नावावर विश्वास ठेवून त्यावर आपले आठवड्याचे काम रचतो, आणि मग कळते की तो सर वर्षापूर्वीच सोडून दिलेला होता. एखादी खरीखुरी दुरुस्ती कोणा विसरलेल्या ब्रँचमध्ये पडून राहते. सर्वांना वाटते ती मूळ सरात आली, आणि गिऱ्हाईक तक्रार करीतच राहते. कोण काय करीत आहे हे यादीवरून कळावे, तर यादीच वाचवत नाही. मुलाच्या गटात असे दोनदा घडले होते. म्हणून वरिष्ठांनी एकाने तरी झाडलोट करावी असे सुचविले, आणि आमच्या या मुलाने ते काम आपण होऊन अंगावर घेतले. त्याच्या घरी जाऊन पाहिलेत तर कळेल. त्याच्या आईचे अंगण जसे, तसेच त्याचे टेबल.

झाडलोट कशी करतात तेही त्याने दाखविले. गिटला विचारले की मूळ सरात जोडल्या गेलेल्या ब्रँच कोणत्या, की ते यादी देते. त्या निर्धास्त काढाव्या. काढण्याच्या आज्ञेत इंग्रजी 'डी' हे अक्षर लिहितात, आणि येथेच सारी गोष्ट आहे. लहान डी लिहिले तर गिट आधी पाहते की हे काम दुसरीकडे जोडलेले आहे काय. नसेल तर ते नकार देते. मोठे डी लिहिले तर ते विचारीत नाही, काढून टाकते. एवढा एका अक्षराचा पहारा. परंतु मुलाच्या कंपनीत जोडण्याची एक वेगळी रीत होती. एखाद्याच्या वीस लहानसहान नोंदी तशाच न जोडता, त्या सर्वांचा मिळून एक नवा मणी करून तो मूळ सरात ओवीत. यास ते स्क्वॉश म्हणतात. मूळ सर त्याने नीटनेटका राहतो, हे खरे. पण गिट मण्यांचे क्रमांक पाहते, आणि हा मणी नवाच असल्यामुळे त्यास वाटते की जुने वीस मणी अजून कोठे जोडलेलेच नाहीत. काम तर जोडलेले आहे, तरीही लहान डी लिहिले की नकार. दररोज नकार. मग सगळेच मोठे डी लिहू लागले.

रोज विनाकारण भुंकणाऱ्या कुत्र्याकडे घरधनी लक्ष देत नाही, आणि ज्या रात्री चोर येतो त्या रात्रीही कूस बदलून निजतो. आम्हांस या साऱ्या प्रकरणात त्या मुलाच्या दोषाइतकाच या रीतीचाही दोष दिसतो. ज्या पहाऱ्याचा नकार निम्म्या वेळी खोटा ठरतो, तो पहारा ठेवून माणसांस सावध राहण्याची सवय लागत नाही. तो ओलांडण्याचीच सवय लागते.

शिवाय हे झाले आपापल्या संगणकावरचे. सर्वांचे काम जेथे एकत्र येते त्या सर्व्हरवरची चिठ्ठी काढावयाची असेल, तर गिट काम जोडले आहे की नाही हा प्रश्नही करीत नाही. कोणी त्या ब्रँचवर आधीच कुलूप घालून ठेवले असेल तरच अडते. मुलाने एका शुक्रवारी संध्याकाळी यादी काढली. नियम असा ठरविला की ज्या ब्रँचवर तीन महिन्यांत नवा मणी पडला नाही ती मेलेली समजावी. अशा शंभराहून अधिक निघाल्या. एकेक नाव पाहत बसण्याऐवजी त्याने सर्वांसाठी मिळून एकच आज्ञा लिहिली व यंत्रास दिली. प्रथम सर्व्हरवरच्या गेल्या, मग स्वतःच्या संगणकावरच्या, मोठ्या डीने. पाच मिनिटांत यादी एका पानावर आली. सोमवारी वरिष्ठांनी सर्वांसमक्ष शाबासकी दिली.

त्या शंभरांत एक ब्रँच त्याच्याच गटातील एका भगिनीची होती. वयाने थोड्या मोठ्या, म्हणून हा त्यांना ताई म्हणतो. व्याजाच्या एका किचकट हिशेबाचे काम त्यांनी तीन आठवडे बसून केले होते. ते पुरे व्हावयाचे होते, म्हणून जोडलेले नव्हते. इतक्यात त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. २०१७ च्या कायद्यापासून ही रजा २६ आठवड्यांची झाली आहे, हे आमच्या नोकरदार भगिनींस ठाऊक असेलच. जाताना त्यांनी काम सर्व्हरवर चढविले, लॅपटॉप कंपनीत जमा केला, व कंपनीने तो पुसून दुसऱ्या कोणास दिला. हे सर्व नियमाप्रमाणेच झाले. कोणाचे काही चुकले नाही. फक्त त्या तीन आठवड्यांच्या कामाला जगात एका चिठ्ठीचा आधार उरला होता, आणि ती चिठ्ठी चार महिने हलली नव्हती, कारण जिच्या हाताने ती हलावयाची त्या हातांत तान्हे मूल होते.

ताई रजेवरून परत आल्या, तोवर झाडलोटीला दोन महिने होऊन गेले होते. त्यांनी यादीत आपले नाव शोधले, नव्हते. त्यांनी कोणास विचारले नाही. त्यांना वाटले, दवाखान्यात जाण्याच्या त्या गडबडीत काम चढवावयाचे आपणच विसरलो असू. सहा महिन्यांनी परत आलेल्या बाईने पहिल्याच दिवशी 'माझे काम हरवले' म्हणून सांगावे, हेही त्यांना प्रशस्त वाटले नाही. मूल पाळण्यात घालून त्या रात्री बसू लागल्या व तोच हिशेब आठवून आठवून पुन्हा लिहू लागल्या. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गटाच्या नेहमीच्या बैठकीत त्या सहज बोलून गेल्या की माझ्या विसराळूपणामुळे थोडा उशीर होईल, माफ करा.

मुलाने बैठक संपल्यावर आपली जुनी यादी उघडली. त्यात ते नाव होते.

येथे तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मास्तर, कोणालाच ठाऊक नव्हते. ताई स्वतःलाच दोष देत होत्या. मी गप्प राहिलो असतो तर आणखी दोन आठवड्यांत त्यांनी ते पुन्हा लिहिले असते, आणि विषय मिटला असता." ज्या दोन रात्री तो जेवला नाही त्या ह्या. आईने पत्र टाकले ते दुसऱ्या दिवशी. आम्ही त्यास उपदेश केला नाही. उपदेशाची वेळ टळून गेली होती, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी, आई गोठ्यात असताना, त्याने ताईंना फोन करून सांगितले होते. काय म्हणाल्या, असे आम्ही विचारले. "आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, म्हणजे मी विसरले नव्हते तर." पुष्कळ वेळाने त्यांनी विचारले, "मला एकदा फोन का केला नाहीस रे? रजेवर होते, परदेशी नव्हते."

मग दोघे मिळून शोधू लागले. गिट उदार आहे. चिठ्ठी काढली तरी मणी लगेच फेकीत नाही. आपण कोणकोणत्या मण्यावर उभे होतो याची एक खाजगी दिनवही ते प्रत्येक संगणकावर ठेवते. तिला रेफलॉग म्हणतात. काल-परवा चुकून काढलेली ब्रँच त्या वहीतून क्रमांक पाहून एका ओळीत परत आणता येते. मोठ्या डीने काढतानासुद्धा गिट जाता जाता त्या मण्याचा आखूड क्रमांक पडद्यावर सांगून जाते. तो टिपून ठेवला असता तरी चालते. आमच्या वाचकांच्या घरी असा प्रसंग आला तर मुलांनी आधी हे पाहावे, आणि तोवर यंत्रावर दुसरी सफाई करू नये. पण ही दिनवही अनंत काळ राहत नाही. नेहमीच्या मांडणीत तिच्यातील नोंदी ९० दिवस टिकतात, व ज्या मण्यांस कोणतीच चिठ्ठी उरली नाही त्यांच्या नोंदी ३० दिवस. पुढे गिट आपली केरवारा करण्याची आज्ञा चालविते, आणि निराधार मणी दोन आठवड्यांहून जुने असले की तेही जातात. इथे तर दोन महिने झाले होते, आणि आमच्या या टापटिपीच्या मुलाने जागा वाचविण्यासाठी तो केरवारा स्वतःच्या हाताने दोनदा केला होता. त्याच्याकडे काही नव्हते. सर्व्हरवरही नव्हते.

गटात सहा जण. एकेकास विचारले. चौघांच्या संगणकांवर अशी मांडणी होती की सर्व्हरवरची एखादी चिठ्ठी गेली की त्यांच्याकडील तिची आठवणही आपोआप पुसली जाई. यास प्रून म्हणतात, म्हणजे छाटणीच. राहिला हैदराबादचा एक मित्र. हा मनुष्य गटात अव्यवस्थितपणासाठी प्रसिद्ध. तीन वर्षांत त्याने आपली यादी एकदाही झाडलेली नव्हती, आणि त्यावरून आमच्या मुलाने त्याला सर्वांदेखत टोचूनही बोलले होते. त्याच्या संगणकावर सर्व्हरवर कधीकाळी असलेल्या आणि आता नसलेल्या प्रत्येक ब्रँचचे नाव तसेच पडून होते. त्यात ताईंचेही होते, आणि त्या नावाखाली सर्व मणी शाबूत होते. दोन ओळींच्या आज्ञेने ते सर्व्हरवर परत चढले. जेवणाची सुट्टी होण्यापूर्वी काम संपले.

ताईंचे चार रात्रींचे श्रम मात्र परत मिळाले नाहीत.

हे ऐकत असता आम्हांस फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण झाली. १६१६ साली गोव्यात राचोल येथे ते प्रथम छापले गेले, पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा. आज त्यांतील एकही छापील प्रत कोठे उपलब्ध नाही. तरीही ते आपणांस वाचावयास मिळते, ते ज्या घरांतून हाताने उतरून घेतलेल्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिल्या त्यांच्या कृपेने. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली. ती हस्तलिखिते ज्यांच्या पेटीत राहिली त्या सगळ्यांनीच ती विचारपूर्वक जपली असतील, असे आम्हांस वाटत नाही. काहींनी केवळ पेटी झाडली नसेल.

पण म्हणून घर झाडूच नये, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही, आणि आमच्या वाचक भगिनी तो काढू देणारही नाहीत. त्या शंभर ब्रँचमधील बाकीच्या सर्व खरोखरच वाळलेल्या होत्या. त्या गेल्याने कोणाचे अडले नाही, उलट नव्या आलेल्या दोन मुलांची सोय झाली. छाटणी योग्यच होती. आम्ही बेळगावच्या उत्तरेस अथणीकडे द्राक्षमळे पाहिले आहेत. तेथे एप्रिलमध्ये एक व ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, अशी वर्षातून दोनदा छाटणी होते, आणि छाटणी केल्यावाचून वेल फळत नाही हे तेथील पोरासोरांस ठाऊक असते. परंतु कात्री घेतलेला गडी प्रत्येक काडीपाशी थांबतो, तिच्यावरचे डोळे मोजतो, मग कापतो. छाटणीचा महिना पंचांग सांगेल. कोणती काडी, ते पंचांग सांगत नाही. प्रभूने द्राक्षवेलीच्या दाखल्यात फाट्यांविषयी जे सांगितले ते ऐकताना आपण बहुधा कापल्या जाणाऱ्या फाट्यांचा विचार करतो. कापणारा प्रत्येक फाट्याला हात लावून पाहतो, हे आमच्याही ध्यानात या मुलाची कथा ऐकेपर्यंत नीटसे आले नव्हते. तीन महिने नवा मणी पडला नाही एवढे यंत्रास कळते. ती बाई बाळंत झाली आहे, हे यंत्रास कळत नाही; ते मुलास ठाऊक होते. बाळाच्या आगमनाचे अभिनंदन त्याने स्वतः धाडले होते.

आता त्याच्या गटात रीत बदलली आहे. महिन्यातून एकदा जुन्या ब्रँचची यादी निघते व प्रत्येक नावापुढे ज्याची ती ब्रँच त्याचे नाव असते. ज्याची त्याने काढावी. दुसऱ्याची काढावयाची असल्यास त्यास विचारावे, रजेवर असला तर घरी फोन करावा, आणि कंपनी सोडून गेला असेल तर गटाने मिळून ठरवावे. जी जोडलेली नाही पण कोणास नकोही आहे, तिच्या शेवटच्या मण्यावर काढण्यापूर्वी एक टॅग ठोकून ठेवतात. टॅग ही न सरकणारी चिठ्ठी. ती कामाच्या यादीत गर्दी करीत नाही, जुन्या सामानासारखी माळ्यावर पडून राहते, आणि ती आहे तोवर केरवारा त्या मण्यांस शिवत नाही. यादी काढण्याआधी सर्व्हरची ताजी स्थिती मागवून घ्यावी हेही ठरले आहे, कारण आपल्या संगणकावरची यादी गेल्या भेटीच्या वेळेची असते, आजची नसते. या सर्वांस महिन्याकाठी अर्धा तास लागतो. पूर्वी पाच मिनिटांत होत होते.

त्या मातेस आम्ही उत्तर लिहिले की बँकेची कोणतीही शाखा आपल्या चिरंजीवांनी बंद केलेली नाही, तळतळाटाची भीती बाळगू नये, आणि तो आता जेवतो की नाही ते कळवावे. परवा त्यांचे कार्ड आले. जेवतो, असे लिहिले आहे. ताईंचे व्याजाचे काम पुरे होऊन मूळ सरात जोडले गेले, आणि त्यांनी आपली ब्रँच स्वतःच्या हाताने काढून टाकली. काढताना फोन चालू ठेवला होता व मागे बाळ रडत होते, तेही आईने ऐकले. गिटने त्यांना लहान डीवर नकारच दिला म्हणे, कारण जोडण्याची ती स्क्वॉशची रीत कंपनीने अजून बदललेली नाही.

हैदराबादच्या मित्राने अजूनही आपली यादी झाडलेली नाही. त्यास ते सांगावे की नाही, याविषयी मुलाचे मन ठरत नाही, आणि त्याने सल्ला विचारला तेव्हा आमचेही ठरले नाही.